पितळी रेखनसाधनांचा संग्रह : पारख, रुजुवात आणि जतन

जुन्या शास्त्रीय उपकरणांचा संग्रह करू पाहणाऱ्या रसिकाची दृष्टी सामान्यतः प्रथम दुर्बिणीकडे, सेक्स्टंटकडे किंवा सूर्यतबकडीकडे वळते, आणि आकाश, समुद्र व काळ यांच्याशी ज्या वस्तूंचा संबंध आला त्यांचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. परंतु पूल, कालवे, तोफा, गलबते आणि वाफेची यंत्रे प्रत्यक्षात उभी राहण्यापूर्वी ती सर्व कागदावर उभी राहिली होती. आणि ज्या कंपासाने, विभाजकाने, कोनमापकाने व प्रमाणपट्टीने ती तेथे उभी केली, त्या लहानशा पितळी साधनांची कदर मात्र फार थोड्यांनी केली आहे. या उपेक्षेमुळेच नव्या संग्राहकास हा प्रांत आजही बराच मोकळा आहे. वस्तू आकाराने लहान, किंमत बहुधा आवाक्यातली, आणि अभ्यासाला विषय मात्र विपुल.

अशा संग्राहकास जे सांगावयाचे त्याचे सार एकच आहे. जुने रेखनसाधन हा एक दस्तऐवज आहे. त्याच्या बिजागरीत, त्याच्या आट्यांत, त्याच्या पृष्ठभागावर कोरलेल्या रेघांत आणि त्यावरच्या रोगणात कारागिराचा व काळाचा मजकूर लिहिलेला असतो, आणि तो मजकूर शाबूत आहे की नाही, व ते साधन अद्याप खरे काम देते की नाही, या दोन गोष्टींवरच त्याची योग्यता ठरते. चकाकी, पेटीचा भपका किंवा कोरलेले प्रसिद्ध नाव यांचा विचार त्यानंतर करावयाचा. पुढे जे विवेचन केले आहे ते सर्व या एका सूत्राचा तपशील आहे.

पूर्वपीठिका

खरेदीपूर्वी या साधनांचा इतिहास थोडक्यात ध्यानी घेतला पाहिजे, कारण कालनिर्णयाच्या बहुतेक खुणा त्यातूनच निघतात. गॅलिलिओने पादुआ येथे अध्यापन करीत असता १५९७ च्या सुमारास आपला भूमितीय व लष्करी कंपास सिद्ध केला, आणि १६०६ साली त्याच्या उपयोगाविषयी एक लहानसे पुस्तक अवघ्या साठ प्रतींत छापले. बिजागरीने जोडलेल्या दोन चपट्या भुजा आणि त्यांवर मध्यबिंदूपासून निघणाऱ्या अंकित रेषा, असे त्याचे स्वरूप होते. इंग्लंडात याच जातीच्या साधनाला सेक्टर हे नाव रूढ झाले, आणि पुढे सुमारे अडीच शतके गोलंदाज, नाविक, वास्तुविद व मोजणीदार यांच्या पेटीत त्याचे स्थान अढळ राहिले. १७०९ साली पॅरिसच्या निकोला बियों या कारागिराने गणिती साधनांच्या रचनेवर व उपयोगावर फ्रेंच भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. एडमंड स्टोनने १७२३ साली त्याचा इंग्रजी तर्जुमा केला. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील जॉर्ज अ‍ॅडम्स पितापुत्र राजा तिसरा जॉर्ज याचे उपकरणकार होते. त्यांपैकी पुत्राने १७९१ साली रेखनसाधने व भूमिती या विषयावर लिहिलेला ग्रंथ अठराव्या शतकाच्या अखेरीच्या इंग्रजी पेटीची जणू फेरिस्तच आहे.

अठराव्या शतकातील खिशात बाळगावयाची पेटी उभट व चपटी असून मासळीच्या किंवा वाघळीच्या खरबरीत कातड्याने मढवलेली असे. एकोणिसाव्या शतकात तिची जागा महोगनीच्या किंवा शिसवी लाकडाच्या आडव्या, मखमलीने अस्तरलेल्या पेटीने हळूहळू घेतली. याच शतकाच्या पूर्वार्धात तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रणाने होणारे जर्मन सिल्व्हर बाजारात आले. इंग्रज व्यापारी त्याला इलेक्ट्रम म्हणत. ते पितळेइतके लवकर काळवंडत नसल्यामुळे उत्तम प्रतीच्या पेट्यांतून पितळेची पीछेहाट झाली व पितळ मुख्यतः विद्यार्थ्यांच्या पेट्यांत उरले. लंडनमध्ये विल्यम फोर्ड स्टॅन्ली याने १८५४ साली धंदा थाटला आणि १८६६ साली रेखनसाधनांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. स्वित्झर्लंडात आराउ गावी याकोब केर्नचा कारखाना १८१९ पासून चालू होता. आणि बव्हेरियातील रीफ्लर घराण्याने १८७७ साली चपट्या भुजांऐवजी गोल दांड्यांच्या रचनेचे पेटंट मिळवून साधनांचे रूपच पालटले.

हिंदुस्थानात ही साधने मोजणीखाते, सार्वजनिक बांधकामखाते, लष्कर आणि रेल्वे यांच्याबरोबर आली. त्रिकोणमितीय मोजणीचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट याने १८३० साली हेन्री बॅरो या लंडनच्या कारागिराला मोजणीच्या उपकरणांचे काम पाहण्यासाठी कलकत्त्यास आणले, आणि त्याच्यामागून अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन या एतद्देशीय कारागिराने ती जबाबदारी आपल्या हातच्या कसबाने पार पाडली, ही गोष्ट आपल्या संग्राहकांनी अभिमानाने ध्यानात ठेवावी अशी आहे. रुडकीचे महाविद्यालय १८४७ साली आणि पुण्याची अभियांत्रिकी शाळा १८५४ साली निघाली. अशा संस्थांतून शिकून सरकारी नोकरीत शिरलेल्या पिढ्यांच्या कंपासपेट्या आजही महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या माळ्यांवर व दप्तरांत सापडतात. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार येथे त्या अधूनमधून विक्रीस येतात. परंतु ज्या घरी पणजोबा ओव्हरसियर किंवा मोजणीदार होते, तेथून मूळ मालकाच्या नावानिशी व हकिकतीसह मिळालेली पेटी बाजारातल्या अनाम पेटीहून नेहमीच अधिक मोलाची समजावी.

पेटीतील साधने आणि त्यांची परीक्षा

साधन हाती घेतल्यावर ते सुंदर आहे की नाही हे पाहण्याआधी ते खरे आहे की नाही हे पाहावे. त्यासाठी टोकदार पेन्सिल, गुळगुळीत कागद, एक भिंग आणि एक विश्वसनीय पोलादी पट्टी एवढे साहित्य पुरते.

मुख्य कंपासाची एक भुजा स्थिर असून दुसरीचा खालचा भाग काढता येतो, व त्या जागी पेन्सिल, शाईचे टोक, ठिपके उमटवणारे चाक किंवा भुजा लांबवणारी दांडी बसवता येते. या साधनाचा प्राण त्याच्या बिजागरीत असतो. चांगल्या कारागिराने एका बाजूस पोलादाची व दुसऱ्या बाजूस पितळेची पाने एकमेकांत गुंफून बिजागरी केलेली असते, कारण दोन निराळे धातू परस्परांवर घासले असता झीज अधिक सारखी होते हा त्या धंद्यातील जुना अनुभव. भुजा पूर्ण मिटल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत हालचाल एकसारख्या ओढीने झाली पाहिजे. मध्येच सैल पडणारी किंवा धक्का देऊन पुढे सरकणारी बिजागरी झिजलेली अथवा वाकलेली समजावी. बिजागरी घट्ट करण्यासाठी दोन दाते असलेली एक लहान किल्ली पेटीत असते. ती बहुतेक वेळा हरवलेली असते, आणि तिच्याऐवजी कोणी पक्कड वापरली असेल तर बिजागरीच्या टोपीभोवती ओरखडे दिसतात. असे ओरखडे दिसले की आतील दुरुस्तीचीही शंका घ्यावी. त्यानंतर कंपासाने एक मोठे वर्तुळ काढून ते त्याच ठिकाणी पुन्हा फिरवावे. दुसरी रेघ पहिलीवर बिनचूक बसली तर भुजांत ढिलाई नाही असे मानावे.

विभाजकाच्या दोन्ही टोकांची लांबी मिटल्यावर सारखी भरली पाहिजे. केसविभाजक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात एका भुजेत पोलादी कमान व मळसूत्र असते, आणि मळसूत्र फिरवले की टोक केसाइतके सरकते. पुष्कळदा ही कमान मोडलेली असते, म्हणून मळसूत्र दोन्ही दिशांनी फिरवून टोक खरोखर हलते की नाही हे अवश्य पाहावे.

शाईच्या रेखणीला दोन पोलादी पाती आणि त्यांना जवळ आणणारे मळसूत्र असते. पाती प्रकाशासमोर धरून त्यांची टोके सारख्या लांबीची व सारख्या गोलाईची आहेत का हे तपासावे, कारण अनेक वर्षे घासून धार लावल्यामुळे एक पाते आखूड झालेले असण्याचा संभव असतो. रेखणीचा दांडा मात्र हलक्या हाताने फिरवून पाहावा. कित्येक जुन्या रेखण्यांत दांडा उघडला की आत एक बारीक सुई निघते, व नकाशाची नक्कल करताना खालच्या कागदावर बिंदू टोचून घेण्यासाठी मोजणीदार तिचा उपयोग करीत. ही सुई शाबूत मिळणे हे पेटीची निगा राखली गेल्याचे विश्वसनीय लक्षण होय.

सेक्टरची परीक्षा सर्वांत मनोरंजक आहे, कारण येथे साधन स्वतःच स्वतःची साक्ष देते. इंग्रजी सेक्टरवर मध्यबिंदूपासून निघणाऱ्या सम भागांच्या, जीवांच्या, ज्यांच्या व स्पर्शज्यांच्या रेषा दोन्ही भुजांवर जोडीने कोरलेल्या असतात. सेक्टर कोणत्याही कोनात उघडून सम भागांच्या रेषांवरील १० आणि १० या अंकांमधील आडवे अंतर विभाजकाने घ्यावे. त्याच उघडीत ५ आणि ५ मधील अंतर त्याच्या बरोबर निम्मे भरले पाहिजे. तसेच उत्तम प्रतीच्या इंग्रजी सेक्टरमध्ये जीवांच्या ६०, ज्यांच्या ९० व स्पर्शज्यांच्या ४५ अंशांमधील आडवी अंतरे ही १० व १० मधील अंतराइतकीच भरतात. हा ताळा जमला तर रेषा खऱ्या मध्यातून निघाल्या आहेत आणि बिजागरी मूळ जागी आहे अशी खातरजमा होते. जमला नाही तर एक तर मूळची कारागिरी सामान्य होती किंवा बिजागरी कोणीतरी पुन्हा बसवली आहे. कोरीव शोभेच्या एखाद्या निरुपयोगी सेक्टरपेक्षा साधा पण हा ताळा देणारा सेक्टर मी निःसंशय अधिक मोलाचा मानतो.

अर्धवर्तुळाकार पितळी कोनमापकाने प्रथम एक काटकोन आखावा, मग कोनमापक उलटा करून त्याच बिंदूपासून पुन्हा आखावा. दोन्ही रेघा जुळल्या पाहिजेत. समांतर पट्टीने, मग ती दोन पितळी बिजागऱ्यांनी जोडलेली अबनुसाची असो की चाकांवर घरंगळणारी असो, एक रेघ आखून पट्टी कागदभर पुढे न्यावी आणि परत आणून मूळ रेघेवर टेकवावी. ती तेथे तंतोतंत बसली नाही तर बिजागऱ्यांची भोके झिजली आहेत किंवा दोन चाकांचे व्यास सारखे नाहीत. प्रमाण-विभाजकाचे मळसूत्र दोन या खुणेवर स्थिर करून एका बाजूने घेतलेले अंतर दुसऱ्या बाजूने दुप्पट भरते की नाही हे पाहावे, आणि तसे न भरल्यास टोके पुन्हा घासली गेली आहेत असे समजावे. या परीक्षांना अर्धा तासही लागत नाही; आणि जो विक्रेता त्या करू देण्यास राजी नसेल त्याच्याकडून काही घेऊ नये.

काळाच्या आणि कर्त्याच्या खुणा

कालनिर्णय एका खुणेवर कधीही करू नये. चार स्वतंत्र खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या म्हणजेच निष्कर्ष काढावा. पहिली खूण मापांची. फ्रेंच पट्टीवर राजपादाचे, म्हणजे सुमारे ३२.५ सेंटिमीटर लांबीच्या जुन्या फ्रेंच फुटाचे भाग असतील तर ती बहुधा दशमान पद्धतीपूर्वीची आहे. आणि ज्या पट्टीवर सेंटिमीटर मूळ कोरीवकामातच आहेत ती १७९५ पूर्वीची असणे शक्य नाही, मग विक्रेता तिला कितीही प्राचीन म्हणो. दुसरी खूण टोकांची. अठराव्या शतकातील कंपासाचे टोक भरीव पोलादाचे व त्रिकोणी काटछेदाचे असून कागदाला मोठे भोक पाडते. खांद्याची बारीक सुई बसवण्याची सोय ही पुढच्या काळातील सुधारणा आहे. तिसरी खूण मळसूत्रांची. जुनी मळसूत्रे हाताने आटे पाडलेली असल्यामुळे भिंगाखाली आट्यांत विषमता दिसते आणि एका भोकाचे मळसूत्र दुसऱ्यात नीट बसत नाही, उलट ज्या साधनात सर्व मळसूत्रे यंत्राने पाडलेली, एकसारखी व अदलाबदल करण्याजोगी असतात ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्याहून अलीकडचे असण्याचाच संभव अधिक.

चौथी खूण विभागांची. जेसी रॅम्सडेनने १७७५ च्या सुमारास पूर्ण केलेल्या वर्तुळ-विभाजक यंत्रामुळे अंशांकन हाताच्या कसबातून यंत्राच्या अचूकतेकडे वळले. हाताने केलेल्या विभागांत भिंगाखाली सूक्ष्म अनियमितता, आखणीच्या सहायक रेषा व विभाजकाच्या टोकांनी टोचलेले बिंदू दिसतात, आणि ते दिसणे हे दूषण नसून त्या काळाचे साक्षीपत्र होय.

कोरलेल्या नावाचा विचार याच ठिकाणी करावा, त्यापूर्वी नव्हे. नाव बहुधा कंपासावर नसून सेक्टरवर, पट्टीवर किंवा कोनमापकावर कोरलेले असते. शिवाय लंडनच्या धंद्यात एक घडवी व दुसरा आपल्या नावाने विकी असा शिरस्ता सर्रास होता, त्यामुळे नाव हे पुष्कळदा दुकानाचे असते, हाताचे नव्हे. तरीही पेढीचे नाव काळ सांगते. विल्यम एलियट, पुढे एलियट अँड सन्स, आणि त्यानंतर एलियट ब्रदर्स अशी एकाच पेढीची नावे क्रमाने बदलत गेली, व पत्त्याचा रस्ताही बदलत गेला. म्हणून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेला छापील कागद असेल तर तो फाटका असला तरी प्राणापलीकडे जपावा. भाल्याच्या फाळासारखी बाणाची खूण असेल तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची निशाणी होय. पितळेवर किंवा दांड्यावर हाताने कोरलेली मूळ मालकाची आद्याक्षरे अनेकजण घासून काढतात. असे करणे म्हणजे दस्तऐवजावरील सही खोडण्यासारखे आहे.

नक्कल आणि जोडलेल्या पेट्या

बनावट मालाची ओळख पटवून घेणे आपल्या देशात विशेष अगत्याचे आहे, कारण जुन्या धाटणीच्या शोभेच्या पितळी वस्तू येथेच मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि त्यांवर स्टॅन्ली, लंडन असे नाव व एकोणिसाव्या शतकातील एखादे साल ठळक अक्षरांत उमटवलेले असते. शोभेची वस्तू शोभेची म्हणून विकणे यात गैर काहीच नाही. परंतु दोन हातांतून गेल्यावर ती अस्सल म्हणून विकली जाऊ लागते. अशा नकलेत अक्षरे खोल, रुंद व यांत्रिक असतात, काळेपणा खाचांत सारखा भरलेला असतो, झीज हात लागण्याच्या जागी नसून सर्वत्र एकसारखी असते, आणि बिजागरी काम करण्यासाठी नव्हे तर दिसण्यासाठी बसवलेली असते. १८८५ असे साल कोरलेल्या कित्येक होकायंत्रांच्या झाकणावर रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची जी कविता कोरलेली आढळते ती १९१५ साली प्रथम प्रसिद्ध झाली, एवढे जरी ग्राहकास ठाऊक असले तरी त्याचे पैसे वाचतात. साल आणि मजकूर यांची अशी रुजुवात प्रत्येक कोरीव वस्तूच्या बाबतीत करावी.

याहून सूक्ष्म दोष म्हणजे जोडलेली पेटी. सर्व साधने अस्सल असतात, परंतु ती तीन निरनिराळ्या पेट्यांतून गोळा केलेली असतात. प्रत्येक साधन त्याच्या खाचेत ढकलावे न लागता अलगद बसले पाहिजे, आणि जुन्या मखमलीवर त्याच्या बिजागरीचा व मळसूत्रांचा दीर्घकाळ पडलेला ठसा त्याच्याशी जुळला पाहिजे. धातूची छटा, भुजांची जाडी आणि मळसूत्रांच्या डोक्यांची घडण पेटीभर सारखी असावी. एखादी खाच रिकामी असेल तर ती रिकामीच घ्यावी. रिकामी खाच प्रामाणिक असते, आणि परक्या साधनाने ती भरून पेटी पूर्ण केल्याचा देखावा केला म्हणजे पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल होते.

जतन

येथे मला अत्यंत आग्रहाने एक विनंती करावयाची आहे. आपल्या घरांतून पितळ म्हटले की चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरी हाती येते, आणि देवघरातील समईसाठी ती वहिवाट योग्यच आहे. परंतु रेखनसाधनाला तिचा स्पर्शही होऊ देऊ नये. जुन्या इंग्रजी व फ्रेंच उपकरणांवर लाखेचे सोनेरी रोगण चढवलेले असे, आणि ती लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जात असे. रोगणाचा हा पातळ थर हे मूळ कारागिराच्या हाताचे शेवटचे काम असते. आम्लाने, चूर्णाने किंवा घासण्याने तो एकदा गेला की कोणत्याही उपायाने परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर बारीक विभागरेषांच्या कडाही बोथट होतात.

अमोनिया असलेली पॉलिशे तर दुहेरी घातक आहेत. ती लाख विरघळवतात, आणि ठोकून घडवलेल्या, अंतर्गत ताण असलेल्या पितळेला भेगा पाडू शकतात. हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्याच्या दिवसांत भेगा पडत. घोड्यांच्या पागांतील अमोनिया हे त्याचे कारण असल्याचा उलगडा १९२१ साली झाला, आणि पितळेच्या या रोगाला इंग्रजीत ऋतूवरूनच नाव पडले. आपल्याच मुलखात मिळालेला हा धडा आपण विसरू नये.

मग करावे काय? धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. मळ फारच असेल तर अगदी थोड्या ओलसर कापसाने टिपून लगेच कोरडे करावे. स्पिरिट वापरू नये, कारण त्यात लाख विरघळते. बिजागरीतील जुनाट, गोंदासारखे झालेले तेल लाकडी काडीने काढावे. हिरवा कलंक भुकटीसारखा सुटत असेल तर तोही लाकडी काडीने अलगद उचलावा, आणि काढूनही तो त्याच जागी पुन्हा पुन्हा उगवत असेल तर जाणत्या संरक्षकाचा सल्ला घ्यावा. पोलादी पात्यांवर व टोकांवर तांबेरा धरू नये म्हणून शुद्ध यंत्रतेलाचा अत्यंत पातळ हात द्यावा व तो पुसून काढावा. पितळेच्या उघड्या पडलेल्या भागावर संग्रहालयांत वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण अल्प प्रमाणात चालते. हाताचा घाम पितळेचा शत्रू असल्यामुळे साधने सुती हातमोजे घालून हाताळावी.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत मखमल बुरसते व पेटीचे लाकूड फुगते, म्हणून पेटी भिंतीला टेकलेल्या कपाटात न ठेवता हवेशीर जागी ठेवावी आणि शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवून ती वेळोवेळी तापवून घ्यावी. साधने बांधण्यासाठी रबराचे पट्टे वापरू नयेत. त्यांतील गंधकाने जर्मन सिल्व्हर व पितळ काळे पडते. मूळ अस्तर फाटले असले तरी ते बदलून नवे लावण्याचा मोह टाळावा.

कायदा आणि कागदपत्र

दोन कायद्यांची माहिती प्रत्येक भारतीय संग्राहकास असणे आवश्यक आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून अधिक जुन्या, गतकालीन विज्ञानावर व कारागिरीवर प्रकाश टाकणाऱ्या वस्तूही पुरावशेषांच्या व्याख्येत येऊ शकतात. अशा वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. म्हणून परदेशस्थ आप्तांना जुनी पेटी भेट म्हणून पाठवण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. दुसरा कायदा वन्यजीव संरक्षणाचा. जुन्या पेट्यांतील पट्ट्या, सेक्टर आणि रेखण्यांचे दांडे पुष्कळदा हस्तिदंती असतात, आणि हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशात निषिद्ध आहे. ब्रिटनमध्येही २०१८ च्या कायद्याने त्यावर कडक बंधने घातली आहेत. बाजारातील हस्तिदंती साधने सरळ सोडून द्यावी, आणि घरातच वारशाने आलेली असतील तर वनखात्याचे नियम समजून घ्यावे. पितळ, अबनूस व जर्मन सिल्व्हर एवढ्यांतच एका आयुष्याला पुरेल इतकी सामग्री आहे.

प्रत्येक खरेदीची नोंद वहीत करावी : दिनांक, ठिकाण, विक्रेत्याने सांगितलेली हकिकत आणि त्यापासून वेगळा लिहिलेला आपला स्वतःचा निष्कर्ष, मापे, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, वर सांगितलेल्या परीक्षांचे निकाल, उणिवा व दुरुस्त्या. पावती वहीला जोडावी. विक्रेत्याची ऐकीव कथा आणि प्रत्यक्ष पुरावा यांची सरमिसळ कधीही होऊ देऊ नये.

आरंभ कोठून करावा

नवागताने प्रथम एकच चांगली पेटी घ्यावी, आणि तीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील साध्या पितळी साधनांची; कारण अशा पेट्या तुलनेने मुबलक मिळतात व त्यांच्यावर हात बसला की अठराव्या शतकातील दुर्मिळ साधनांची पारख आपोआप तीक्ष्ण होते. त्यानंतर संग्रहाला एक दिशा द्यावी. केवळ प्रमाण-विभाजक, केवळ समांतर पट्ट्या, किंवा हिंदुस्थानातील खात्यांनी वापरलेली साधने, असा कोणताही एक विषय घेतला तर थोड्या वस्तूंतूनही काही नवे सांगता येते. जे मिळेल ते गोळा करणाऱ्याच्या घरी मात्र नुसती अडगळ साठते. माया हॅम्ब्ली यांचा १५८० ते १९८० या चार शतकांतील रेखनसाधनांवरील १९८८ चा ग्रंथ आणि ग्लोरिया क्लिफ्टन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेला ब्रिटिश उपकरणकारांचा कोश ही दोन पुस्तके संग्रही असावी. परदेशी जाण्याचा योग आला तर ऑक्सफर्डचे विज्ञानेतिहास संग्रहालय, केंब्रिजचे व्हिपल संग्रहालय आणि फ्लॉरेन्सचे गॅलिलिओ संग्रहालय येथे अस्सल साधने डोळे भरून पाहावी, कारण अस्सलाच्या दीर्घ सहवासाने नजर जशी तयार होते तशी कोणत्याही वर्णनाने होत नाही.

शेवटी संग्राहकाच्या उत्तरदायित्वाविषयी. या साधनांनी आपल्या देशातील रस्ते, धरणे, पूल आणि लोहमार्ग आखले. ज्यांनी ती चालवली त्यांची नावे बहुधा नकाशांच्या कोपऱ्यातही नाहीत. आपल्या हाती आलेल्या पेटीचा मूळ मालक कोण होता, त्याने कोणत्या खात्यात कोणते काम केले, याचा शोध त्याच्या वंशजांकडे व सरकारी दप्तरांत जाऊन घेणे हा या छंदाचा सर्वांत फलदायी भाग आहे, आणि तो पैशाने नव्हे तर चिकाटीने साधतो. असा शोध लागल्यावर तो वहीत उतरवावा, आणि संग्रहाची पुढील व्यवस्था हयातीतच ठरवून पेट्या व वही एकत्र राहतील अशा अटीवर त्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे अथवा संग्रहालयाकडे सोपवाव्या. वहीपासून तुटलेली पेटी पुन्हा बाजारातील अनाम पितळ होते. वहीसह राहिलेली पेटी मात्र या देशाच्या अभियांत्रिकीच्या इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासकांच्या उपयोगी पडत राहते.